वाढते आयुष्य आणि औषधोपचाराचा हिशेब
(संस्थेच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हा विषय कार्यकारिणीने आम्हांस दिला त्यामागे एक घडलेली गोष्ट आहे. ती प्रथम सांगणे प्राप्त आहे. आपल्या संस्थेचा वैद्यकीय साहाय्य निधी सर्वांच्या परिचयाचा आहे. वर्गणी, लग्नकार्यातील आणि पुण्यानुमोदनाच्या प्रसंगी मिळणाऱ्या देणग्या यांवर तो चालतो. तो कधी पुरत नाही. गेल्या वर्षीच्या बैठकीत आपल्यातीलच एका तरुण सभासदाने, जो अर्थशास्त्राचा एम.ए. करीत आहे, निधीच्या वहीतील नोंदींचा वयवार तक्ता करून आणला. वय चढत जाते तशी मदतीची रक्कमही चढत जाते, हे त्यात स्पष्ट दिसत होते. त्यावरून त्याने सूचना मांडली की, ७० वर्षांपुढील सभासदांस या निधीतून मदत देऊ नये, आणि वाचलेला पैसा शिष्यवृत्तीकडे वळवावा.

त्यानंतर काय गलका झाला तो उपस्थितांना आठवत असेल. एक आजी तर, "आम्ही जास्त जगलो हा आमचा गुन्हा झाला का?" असे म्हणून उठून गेल्या. त्या आजींचे दुःख खरे होते. परंतु त्या मुलाचा तक्ताही खोटा नव्हता, आणि गलका करून तक्ता खोटा ठरत नाही. त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे. म्हणून आम्ही वाचनासाठी तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. त्या वाचनातून जे हाती आले तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची सारी नोकरी विम्याच्या कचेरीत मृत्युतक्ते चाळण्यात गेली. तेथे एक चमत्कारिक गोष्ट रोज दिसे. आयुर्विमा घेतलेला माणूस अधिक जगला की कचेरीचा फायदा. पेन्शन घेणारा माणूस अधिक जगला की कचेरीचा तोटा. आयुष्य तेच, वर्षे तीच. फरक फक्त एवढाच की हिशेब कोणत्या वहीत लिहिला. पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१९५१ च्या जनगणनेच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या घरात आहे. याचा अर्थ त्या काळी लोक बत्तिशीत म्हातारे होऊन मरत, असा नव्हे. पाळण्यातली मुले मरत, बाळंतपणात बाया मरत, देवी, पटकी आणि हिवताप यांनी घरे ओस पडत. त्या मरणांमुळे सरासरी खाली ओढली जाई. ती मरणे कमी झाली आणि वाचलेली मुले आज साठी-सत्तरीला पोहोचली. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील माणसे १० कोटींहून अधिक होती. म्हणजे वाढलेले म्हातारपण हे वाचलेल्या बालपणाचेच पुढचे पान होय. ज्या सुईणीला, ज्या लसीला आपण धन्यवाद दिले, तिचेच बिल आता येत आहे असे कोणी म्हटले तर ते अगदीच चूक नाही.

आता मूळ प्रश्न. माणूस जास्त जगला म्हणजे औषधोपचाराचा खर्च वाढतो का?

वरवर पाहता उत्तर होकारार्थी वाटते, कारण ऐंशीच्या माणसावर चाळिशीच्या माणसापेक्षा जास्त खर्च होतो. परंतु १९८४ साली व्हिक्टर फुक्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न विचारला. हा खर्च वयामुळे होतो की मरण जवळ आल्यामुळे? ऐंशीच्या गटात वर्षभरात मरणारांचे प्रमाण जास्त असते, आणि शेवटच्या वर्षी खर्च फार होतो. १९९३ साली लुबिट्झ आणि रायली यांनी अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याचे, म्हणजे मेडिकेअरचे, हिशेब तपासले. त्या योजनेतील सुमारे ५ ते ६ टक्के माणसे एका वर्षात मरण पावत. परंतु एकूण खर्चापैकी २७ ते ३० टक्के खर्च शेवटच्या वर्षात असलेल्या माणसांवर होई. पुढे १९९९ साली पीटर झ्वाइफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडच्या आजारनिधीच्या नोंदी घेऊन दाखविले की, मरणापासूनचे अंतर लक्षात घेतले तर नुसत्या वयाचा परिणाम जवळजवळ उरत नाही. समाज म्हातारा झाला म्हणून दवाखान्याचा खर्च वाढला, हा माग त्यांच्या मते खोटा होता.

हे वाचून आम्ही निधीची वही पुन्हा उघडली. आपल्या तरुण मित्रालाच शेजारी बसविले आणि ज्यांचे मदतीनंतर वर्षभरात निधन झाले त्यांच्या नावांपुढे खुणा केल्या. मोठ्या रकमा बहुतेक त्या खुणांपाशीच सापडल्या. त्यांत एक बेचाळिशीचा रिक्षाचालक होता, एक एकोणतीस वर्षांची मुलगी होती. मूठभर प्रकरणांवरून सिद्धान्त निघत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पहिल्या तक्त्यात जे दिसत होते ते निम्मेच होते, एवढे त्या मुलाने मोकळ्या मनाने कबूल केले.

अर्थात दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. झ्वाइफेल यांच्या निष्कर्षावर नंतर पुष्कळ वाद झाला. इस्पितळाच्या खर्चाला तो बऱ्याच अंशी लागू पडतो, परंतु अंथरुणाला खिळलेल्या किंवा विसरभोळेपणाचा रोग जडलेल्या वृद्धाच्या दीर्घकाळच्या शुश्रूषेला तो तितकासा लागू पडत नाही. तो खर्च खरोखरच वयाबरोबर वाढतो. युरोपात त्यासाठी शुश्रूषागृहे आहेत आणि त्यांची बिले आहेत. आपल्याकडे त्यासाठी सून आहे. तिचे बिल कोणी करीत नाही, म्हणून तो खर्च नाही असे आपण समजतो!

आता एक गोष्ट सांगतो ती ऐकून विद्यार्थी मित्रांना धक्का बसेल. १९९७ साली हॉलंडमधील बारेंड्रेख्ट, बोनो आणि व्हान डर मास या संशोधकांनी धूम्रपानाचा खर्च मोजला. कोणत्याही एका वयात पाहिले तर विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा औषधोपचाराचा खर्च न ओढणाऱ्यापेक्षा जास्त. काही वयोगटांत तर ४० टक्क्यांपर्यंत जास्त. यावरून आपण म्हणू की, सर्वांनी धूम्रपान सोडले तर पैसा वाचेल. सुरुवातीस तो वाचतोही. परंतु त्यांच्या गणिताप्रमाणे १५ वर्षांनंतर पारडे फिरते. न ओढणारे जास्त जगतात आणि त्या जास्तीच्या वर्षांत त्यांना इतर आजार होतात. कोणीच धूम्रपान करीत नाही अशा समाजात अखेर पुरुषांचा खर्च ७ टक्के आणि स्त्रियांचा ४ टक्के जास्त निघाला. २००८ साली व्हान बाल आणि इतरांनी तेथेच विसाव्या वर्षापासून मरेपर्यंतचा सरासरी खर्च काढला. निरोगी राहणीच्या माणसावर २,८१,००० युरो, लठ्ठ माणसावर २,५०,००० आणि धूम्रपान करणाऱ्यावर २,२०,००० युरो. सर्वांत स्वस्त तो, जो लवकर मेला.

याच तर्काचा पुढे कसा उपयोग झाला पाहा. २००१ साली फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेकडून तयार करून घेतलेला एक अहवाल चेक प्रजासत्ताकात उजेडात आला. धूम्रपान करणारे लवकर मरतात, त्यामुळे त्यांचे पेन्शन, घरे आणि औषधोपचार यांचा खर्च वाचतो. सिगारेटवरील कर धरून १९९९ साली सरकारला सुमारे ५.८ अब्ज कोरुना निव्वळ लाभ झाला, असा तो हिशेब होता. जगभर संताप उसळला आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली.

मित्रहो, येथे नीट थांबून विचार करू या. डच संशोधकांची बेरीज आणि या अहवालातील बेरीज, दोन्हींमध्ये जास्त जगणे खर्चाच्या बाजूस पडते. मग एक शास्त्र आणि दुसरा निर्लज्जपणा, असे का? कारण दुसऱ्याने वहीची एकच बाजू लिहिली. माणसाला मिळालेली वर्षे त्याने कोठे जमाच धरली नाहीत. एखादा किराणावाला खरेदीचा खर्च मांडून विक्रीचा गल्ला मांडणार नाही, तर त्याला दुकान बंद करणेच फायद्याचे दिसेल. डच संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवले की, खर्च वाढला तरी धूम्रपान सोडविणे हे आर्थिकदृष्ट्याही इष्ट ठरू शकते.

म्हणून आरोग्याच्या आर्थिक मूल्यमापनात खर्चाबरोबर लाभ मांडतात. लाभाचे माप म्हणजे जास्तीचे आयुष्य, त्यातील प्रकृती कशी होती हे लक्षात घेऊन. पूर्ण निरोगी एक वर्ष म्हणजे एक. अंथरुणावर काढलेले वर्ष त्याहून कमी. याला गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्ष म्हणतात. अभ्यासक लाडाने त्याला क्वाली म्हणतात. एका क्वालीला किती रुपये पडले ते पाहून उपचार स्वीकारायचा की नाही हे ठरवितात. आपल्या देशातही २०१७ सालापासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाच्या अखत्यारीत असे मूल्यमापन करणारी यंत्रणा आहे.

या शास्त्रात एक जुने भांडण आहे आणि आपल्या विषयाचा गाभा तेथेच आहे. समजा, एका उपचाराला ५०,००० रुपये लागले आणि त्यामुळे माणूस दोन वर्षे अधिक जगला. वर्षाला २५,००० रुपये पडले. परंतु त्या दोन वर्षांत त्याला मधुमेहाच्या गोळ्या लागल्या, डोळ्याचे ऑपरेशन झाले, दरवर्षी २०,००० रुपये गेले. ते धरायचे का? धरले तर वर्षाला ४५,००० पडतात. १९९७ साली डेव्हिड मेल्ट्झर याने युक्तिवाद केला की, जगला म्हणूनच हे खर्च झाले, तेव्हा ते धरलेच पाहिजेत. त्याच वर्षी गार्बर आणि फेल्प्स यांनी दाखविले की, सर्वत्र एकच पद्धत पाळली आणि काही गोष्टी गृहीत धरल्या तर, न धरल्यानेही उपचारांचा अनुक्रम बदलत नाही. हॉलंडने २०१६ साली हे पुढील वैद्यकीय खर्च धरण्याचा नियम केला. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने मात्र त्याच आजाराचे पुढील खर्च धरावेत, असंबद्ध आजारांचे धरू नयेत, अशी रीत ठेवली.

ही रीतही अडचणीत येते. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर पर्टुझुमॅब नावाचे औषध आहे. ते ट्रास्टुझुमॅब या दुसऱ्या महागड्या औषधाच्या जोडीने देतात. पहिल्यामुळे रोग अधिक काळ आटोक्यात राहतो, म्हणून दुसरेही अधिक काळ चालू ठेवावे लागते, आणि तो सगळा खर्च पहिल्याच्या नावावर पडतो. हिशेब असा निघाला की, कंपनीने पर्टुझुमॅब फुकट दिले असते तरी ते मर्यादेत बसले नसते. गुण आला हाच त्याचा दोष ठरला. बऱ्याच घोळानंतर, कंपनीशी स्वतंत्र व्यवहार ठरवून, २०१८ साली त्याला मान्यता मिळाली.

पुढील खर्च धरल्याने आणखी एक गोष्ट होते. आयुष्य लांबविणारे उपचार महाग दिसू लागतात आणि आयुष्य न लांबविता सुखकर करणारे उपचार, म्हणजे मोतीबिंदू, गुडघा, कानाचे यंत्र, स्वस्त दिसू लागतात. यात काही शहाणपण जरूर आहे. पण आमचे मत विचाराल तर जमेची बाजू पूर्ण मांडण्याची हिंमत असेल तरच पुढील खर्च धरावेत. वाढीव वर्षांत आजोबांनी खाल्लेल्या गोळ्या मोजायच्या आणि आजींनी सांभाळलेली नातवंडे मोजायची नाहीत, हे हिशेबाला धरून नाही. त्या आजी घरी होत्या म्हणून सून चार घरची कामे करू शकली. ती मजुरी कोणत्या खात्यात जमा झाली?

येथून आपण अधिक नाजूक जागी येतो. जुन्या पद्धतीत जीव वाचल्याचा लाभ त्या माणसाच्या पुढील मिळकतीवरून काढीत. या पद्धतीने कारखान्याच्या मॅनेजरचा जीव मौल्यवान, सफाई कामगाराचा स्वस्त, आणि घरकाम करणाऱ्या आईचा जवळपास फुकट. ज्या व्यवस्थेने मजुरी ठरविली तिलाच जिवाची किंमत ठरवू द्यायची, असा हा प्रकार. क्वालीचे एक मोठे पुण्य हे की, तेथे एक वर्ष म्हणजे एक वर्ष, मग ते कोणाचेही असो.

वयाचेही असेच झाले. १९९३ च्या जागतिक बँकेच्या आरोग्यावरील अहवालात रोगांचा भार मोजण्याचे जे माप आले, त्यात पंचविशीच्या आसपासच्या वर्षाला सर्वांत जास्त वजन होते. तान्ह्या मुलाचे आणि म्हाताऱ्याचे वर्ष हलके धरले होते. यावर टीका झाली, आणि २०१० च्या रोगभाराच्या गणनेत, जी २०१२ साली प्रसिद्ध झाली, हे वयाचे वजन काढून टाकण्यात आले. आपल्या तरुण मित्राला आम्ही हेच सांगितले की, तुझी सूचना विद्वानांनी तुझ्या जन्माच्या आसपास करून पाहिली होती आणि नंतर मागे घेतली.

परंतु वर्ष सर्वांचे समान धरले तरी वर्षे किती उरली, हे आयुर्मानाच्या तक्त्यावरून ठरते. ते तक्ते सर्वांचे सारखे आहेत का? २०२२ साली संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी नऊ राज्यांतील सुमारे दोन कोटी माणसांच्या नोंदी तपासून दाखविले की, सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक कमी आहे आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी. आर्थिक स्थितीतील फरक लक्षात घेतला तरी ही दरी पुरती भरून निघत नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्यावरून आपण निर्धास्त व्हावे असे नाही. आता कोणी हिशेबनीस समाजवार तक्ते घेऊन बसला, तर आदिवासी मुलाचा जीव वाचविल्यावर मिळणारी वर्षे त्याला कमी दिसतील, म्हणजेच तो उपचार महाग दिसेल. अन्यायाचा परिणामच पुढच्या अन्यायाचे कारण होऊन बसेल. म्हणून तक्ता एकच हवा, आणि तोही जे सर्वांत जास्त जगतात त्यांचा. रोगभाराच्या मूळ गणनेत जपानी आयुर्मानाच्या धर्तीवर सर्व जगाला एकच माप लावले होते, त्यामागे हाच विचार होता. तेवढी गोष्ट त्यांनी चांगली केली.

आणखी एक सावधगिरी. हॉलंडमध्ये वृद्धाचा खर्च होतो, कारण तो दवाखान्यात जातो आणि विमा पैसे भरतो. आपल्याकडे अनेक वृद्धांचा खर्च होत नाही, कारण ते जातच नाहीत. गुडघा दुखतो तर तेल चोळतात, दिसत नाही तर ओट्यावर बसून राहतात. खर्च झाला नाही म्हणजे बचत झाली असे नव्हे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत ३९.४ टक्क्यांवर आला असे सरकारी लेखे सांगतात. सुधारणा आहे. पण सरकारच्या वहीतून जो खर्च वगळला, तो घराच्या वहीत, नाहीतर सावकाराच्या वहीत चढतो. याची जाणीव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना होती. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४३ साली अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले, आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. परंतु आपल्या वस्तीतील बहुसंख्य माणसे ज्या कामावर म्हातारी झाली त्या कामाला ना हजेरीपट होता, ना विमा.

आता आपल्या निधीकडे वळू. निधी थोडा आहे आणि निवड करावी लागणार, हे त्या तरुणाचे म्हणणे आम्हांस पूर्ण मान्य आहे. वय हा निकष मान्य नाही. उपचाराने किती गुण येईल, हा निकष मान्य आहे. अखेरच्या पंधरवड्यात, डॉक्टरांनीच आशा सोडली असता, व्हेंटिलेटरसाठी घर विकायला निघालेल्या कुटुंबाला आम्ही स्वतः पाहिले आहे. तेथे पैसा देण्यापेक्षा एखाद्या जाणत्या माणसाने त्यांच्याजवळ बसणे हेच अधिक मोठे साहाय्य. ते कुटुंब तिशीतल्या मुलासाठी धावत होते, सत्तरीतल्या बापासाठी नव्हे, हेही सांगून ठेवतो.

उलट, रक्तदाबाच्या गोळीचा विचार करा. ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते म्हणून आपण तिला खर्च म्हणतो. परंतु १९८० साली जेम्स फ्राइज या डॉक्टरने मांडलेली आशा तिच्यावरच उभी आहे. आयुष्य वाढावे, पण आजारपणाची वर्षे शेवटी थोडक्यात आवरावीत, अशी ती आशा. पक्षाघात टळला तर माणूस जास्त जगतो एवढेच नव्हे, त्याच्या उशाशी अडकणारी सूनही मोकळी राहते. दुर्दैव असे की सरकारी योजना इस्पितळात दाखल होणाऱ्याला आहेत. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि नंतरचे १५ दिवस यांची औषधे धरली आहेत. रोजची गोळी त्यात बसत नाही. म्हणून आमची सूचना अशी की, आपल्या निधीचा निश्चित भाग या रोजच्या गोळ्यांकरिता, सर्व वयांसाठी, वेगळा काढावा, आणि मोठ्या ऑपरेशनांसाठी सरकारी योजनेचा पुरेपूर लाभ घ्यावा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळण्यासाठी वय वंदना कार्ड निघाले आहे. ज्या वयाला आपण निधीचे दार बंद करणार होतो त्याच वयाला ते दार उघडते. वाचणारा पैसा शिष्यवृत्तीला द्यावा, त्यास आमची हरकत नाही. त्या मुलाला हवे होते तेही काही अंशी साधेल.

यात एकच मेख आहे. कार्डाला वय आधारवरचे धरतात. आपल्या पिढीतील अर्ध्या माणसांची जन्मतारीख मास्तरांनी शाळेत टाकलेली १ जून आहे, आणि ज्या बायका शाळेतच गेल्या नाहीत त्यांचे वय आधार काढणाऱ्याने चेहरा पाहून लिहिले आहे. बैठकीतून उठून गेलेल्या त्या आजींचे वय कागदावर ६६ आहे. त्यांचा थोरला मुलगा ५८ चा आहे! दुरुस्तीसाठी कोणता पुरावा चालतो याची चौकशी करण्याचे काम आपल्या त्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने अंगावर घेतले आहे. येत्या रविवारपासून सकाळी दहा ते एक तो आणि त्याचे दोन मित्र विहाराच्या ओसरीत बसतील. येताना आधार कार्ड, रेशन कार्ड आणि घरात असेल तो जुना कागद, मग तो कितीही फाटका असो, सोबत आणावा.